उपसर्गांची उपेक्षा

मराठीत ‘उपसर्ग’ ह्या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. शब्दाच्या आरंभी जोडले जाऊन त्याचा अर्थ फिरविणारे अक्षर किंवा अक्षरे, हा व्याकरणातील उपसर्ग. आणि पीडा किंवा उपद्रव, हा व्यवहारातील. हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर आहेत असे आम्हांस पूर्वी वाटत असे. परंतु पंचवीस-तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन केल्यावर आमची अशी खात्री झाली आहे की, पहिल्या प्रकारच्या उपसर्गाकडे जो दुर्लक्ष करतो, त्यास दुसऱ्या प्रकारचा उपसर्ग आज ना उद्या भोवल्यावाचून राहत नाही. ही उपेक्षा आज अशिक्षितांच्या घरी नांदत नसून आपल्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनच नांदत आहे, म्हणून चार शब्द स्पष्टपणे लिहिणे प्राप्त झाले आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एक परिचित गृहस्थ आपल्या चिरंजीवांस घेऊन आमच्याकडे आले. मुलगा दहावीच्या परीक्षेतून नुकताच मोकळा झालेला, चुणचुणीत, आणि इंग्रजी बोलण्यात आमच्या पिढीतील कोणत्याही पदवीधरास लाजवील इतका सफाईदार. गृहस्थ मोठ्या समाधानाने म्हणाले, ‘‘सर, आम्ही पहिल्यापासून ठरवूनच ह्याला मराठीच्या भानगडीत पाडले नाही. घरीसुद्धा इंग्रजीच. उगाच दोन भाषांचा घोळ नको.’’ आम्ही सहज मुलास विचारले, ‘‘बाळ, भूमितीत पेरिमीटर म्हणतात तो काय?’’ त्याने सूत्रासह उत्तर दिले. ‘‘मग त्यातील ‘पेरि’ म्हणजे काय?’’ ‘‘ते काही वेगळे नाही सर, तो शब्दच तसा आहे.’’ ‘‘बरे, हायपोथर्मिया झालेल्या मनुष्याचे अंग तापलेले असेल की गार पडलेले?’’ मुलाने क्षणभर विचार केला आणि ‘‘तापलेले’’ असे ठासून सांगितले. वडिलांनी कौतुकाने मान डोलाविली.

अंग गार पडून मनुष्य मरणोन्मुख होतो, त्या स्थितीस हायपोथर्मिया म्हणतात. मुलाचा दोष नाही. त्याच्या हातात कुलूप दिले गेले, आणि किल्ली मात्र घरातील फडताळात कुजत पडली आहे. ती किल्ली कोणती हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम ह्या घोटाळ्याने बिघडते काय, हे पाहू. पुष्कळांचे म्हणणे असे की, शब्दाचा अर्थ संदर्भाने कळतोच. एका अक्षराने काय होणार आहे? ह्या लोकांनी कधी औषधाची चिठ्ठी वाचली नसावी. आमच्या नात्यातील एक वृद्ध बाई आपल्या मुलाकडे दुसऱ्या शहरी राहावयास गेल्या. जुने कागद मागे राहिले. नव्या डॉक्टरांनी आजार विचारला, तेव्हा घरच्यांनी सांगितले, ‘‘आईंना थायरॉइड आहे.’’ जणू थायरॉइड हा आजारच! ती तर प्रत्येकाच्या गळ्यात असलेली ग्रंथी आहे. ती आळसावली तर एक आजार, आणि प्रमाणाबाहेर काम करू लागली तर दुसरा. पहिल्यात तिच्या रसाची उणीव गोळीने भरून काढावयाची, दुसऱ्यात तिच्या कामास आळा घालावयाचा. म्हणजे उपचार एकमेकांच्या अगदी विरुद्ध. डॉक्टरांनी ‘‘हायपो की हायपर?’’ असे विचारताच चिरंजीवांनी, जे स्वतः अभियंते आहेत, क्षणाचाही विलंब न लावता ‘‘हायपर’’ म्हणून सांगितले. होते हायपो. डॉक्टर सावध होते. त्यांनी रक्त तपासल्याखेरीज औषध दिले नाही, म्हणून पुढचे अरिष्ट टळले. येथे संदर्भ कोठे होता? एक शब्द विचारला, एका शब्दाने उत्तर दिले, आणि त्या शब्दाचे सारे तात्पर्य शेवटच्या एका अक्षरात साठलेले होते.

गंमत अशी की, त्याच घरातील स्वयंपाकाच्या बाई मधुमेही आहेत, आणि त्यांना इंग्रजीचा गंध नाही. त्या ‘‘आज साखर उतरली होती’’ किंवा ‘‘साखर चढली होती’’ एवढेच सांगतात, आणि त्यात आजवर त्यांची एकदाही चूक झालेली नाही. आपण काय बोलतो हे त्या बाईंस ठाऊक आहे. अभियंत्यास ते ठाऊक नाही. ह्यांपैकी सुशिक्षित कोणास म्हणावे, ह्याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितो.

आता ह्या रोगावर शाळांतून व शिकवण्यांतून काय औषध दिले जाते ते पाहावे. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकांच्या शेवटी ‘नेहमी घोटाळा होणारे शब्द’ अशी एक जंत्री असते. अफेक्ट आणि इफेक्ट, इन्फर आणि इम्प्लाय, इंजीनियस आणि इंजेन्युअस, अशा पाच-पन्नास जोड्या डाव्या-उजव्या बाजूस मांडून प्रत्येकीपुढे एकेक प्रतिशब्द ठोकून दिलेला असतो. मुलाने ती घोकावी आणि परीक्षेत ओकावी, अशी योजना. ह्या जंत्रीचा गुण असा की, ज्याला त्या दोन शब्दांत पूर्वी घोटाळा वाटत नव्हता, त्याला ती वाचल्यावर हमखास वाटू लागतो. कारण दोन सारखे दिसणारे शब्द शेजारी बसवून, ते वेगळे का आहेत हे न सांगणे, ही गोंधळ उत्पन्न करण्याची उत्तम रीत होय. जुळ्या भावांस एका बाकावर बसवून त्यांची नावे पाठ केल्याने त्यांची ओळख पटत नाही.

ह्या शब्दांची ओळख पटविण्याचा मार्ग आपल्याच घरातून जातो. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात असे प्रतिपादन केले. १८१६ साली फ्रांट्स बोप्प यांनी धातुरूपांची तुलना करून त्या विचारास शास्त्राची बैठक दिली. आणि १८७७ साली मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी आपल्या विल्सन व्याख्यानांतून संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या मराठीसारख्या भाषांचा इतिहास उलगडून दाखविला. हे आज कोणास नवीन नाही. पदवी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत आपण हे लिहितो, गुण मिळवितो, आणि घरी येऊन मुलास सांगतो की मराठीचा व इंग्रजीचा काही संबंध नाही!

संबंध कसा आहे तो पाहा. ग्रीक ‘पेरि’ म्हणजे आपला ‘परि’, भोवतीचा. आणि ‘मीटर’ हा मोजण्याच्या ‘मा’ धातूचा आप्त. मराठी शाळेत पेरिमीटरला ‘परिमिती’ म्हणतात, ते केवळ भाषांतर नसून सख्ख्या भावाची ओळख आहे. ज्या मुलास परिसर, परिघ, परिक्रमा हे शब्द ठाऊक आहेत, त्यास ‘पेरि’ शिकवावा लागत नाही. ‘अनॉनिमस’ म्हणजे ‘अन्’ अधिक ‘नाम’, अर्थात अनामिक. ‘ॲग्नॉस्टिक’ हा शब्द हक्स्लेसाहेबांनी १८६९ साली घडविला. त्यातील ‘अ’ आपला, आणि ‘ग्नो’ म्हणजे आपला ‘ज्ञा’, म्हणून अज्ञेयवादी. ‘डिस्’ आणि आपला ‘दुस्’ एकच: डिस्पेप्सिया म्हणजे दुष्पचन, कारण त्यातील ‘पेप्’ हा ‘पच्’ धातूचा भाऊ, आणि डिसेंट्री म्हणजे आंत्राची दुःस्थिती, कारण ग्रीक ‘एन्तेरा’ आणि आपले ‘आंत्र’, ज्याचे मराठीत आतडे झाले, ही एकाच कुळातील. फक्त एक सावधगिरी पाहिजे. डिस्पेप्सियातील ‘डिस्’ ग्रीक आहे. डिसऑनेस्टमधला ‘डिस्’ लॅटिनमधून आलेला निराळा गृहस्थ आहे. नावे सारखी म्हणून कूळ एक, असे समजू नये.

राहता राहिले हायपो आणि हायपर. ग्रीक ‘हुपेर’ म्हणजे संस्कृत ‘उपरि’, आणि ‘हुपो’ म्हणजे ‘उप’. ‘उपर्युक्त’ म्हणजे वर सांगितलेले, हे अर्ज लिहिणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. ‘उपाध्यक्ष’ अध्यक्षाच्या खालचा, हे सभेस जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. हायपर म्हणजे उपरि, वर. हायपो म्हणजे उप, खाली. आणि थर्मियातील ‘थर्म’ कोण, म्हणाल तर संस्कृत ‘घर्म’ याचा चुलतभाऊ, ज्यापासून आपला ‘घाम’ आला. ज्याच्या अंगची घर्मता खाली उतरली तो हायपोथर्मियाचा रोगी. एवढे एकदा सांगितले असते, तर तो चुणचुणीत मुलगा जन्मात चुकला नसता. पण ‘उपरि’ त्यास ठाऊक नाही, ‘उप’ ठाऊक नाही, आणि ‘घर्म’ तर दूरच. कारण मराठीच्या भानगडीत त्याला पाडलेलेच नाही.

आमच्या लहानपणी संस्कृताच्या तासास बावीस उपसर्ग पाठ करावे लागत, आणि एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार कसे होतात, हे शिक्षक फळ्यावर मांडून दाखवीत. जेवण, फिरणे, मारणे, नाश आणि निवारण, एवढे अर्थ एका धातूतून उपसर्गाच्या बळावर निघालेले पाहून मुलांस मौज वाटे. अगदी हीच मौज इंग्रजीतही आहे. लॅटिन ‘फेर्’ म्हणजे वाहून नेणे. तो आपल्या ‘भृ’ धातूचा भाऊ. त्यास निरनिराळे उपसर्ग लावून प्रिफर, रिफर, डिफर, इन्फर, ट्रान्स्फर अशी प्रजा निघते. इन्फर म्हणजे दिसलेल्या गोष्टीवरून मनात काही वाहून आणणे, अर्थात अनुमान. ते ऐकणारा करतो. इम्प्लाय म्हणजे बोलण्याच्या घडीत काही दुमडून ठेवणे, अर्थात सूचित करणे. ते बोलणारा करतो. ज्याने आहार-विहार शिकला, त्यास हे दोन वाक्यांत कळते. ज्याने केवळ जंत्री घोकली, तो वर्षभर चाचपडतो.

उपसर्गातील एका स्वराने काय अनर्थ होतो, ह्याचा मासला आम्हांस दरवर्षी उत्तरपत्रिकांतून पाहावयास मिळतो. विद्यापीठाने नेमलेल्या पुस्तकास प्रिस्क्राइब्ड म्हणतात. परंतु आमचे विद्यार्थी बिनदिक्कत लिहितात की, शेक्सपिअरचे हे नाटक आमच्या विद्यापीठाने ‘प्रोस्क्राइब’ केले आहे. प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणे, बहिष्कृत करणे. मूळ अर्थ, पुढे चव्हाट्यावर लिहून लावणे. इ. स. पूर्व ८२ मध्ये सुल्ला याने रोम शहरात ज्यांचा वध करण्यास मोकळीक होती अशा नागरिकांच्या नावांच्या याद्या उघड लावल्या, तेव्हापासून ह्या शब्दास रक्ताचा डाग लागला आहे. आपल्याकडे १९०९ साली सावरकरांचा १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरील ग्रंथ इंग्रज सरकारने प्रोस्क्राइब केला होता. म्हणजे ज्या शब्दाने सरकार ग्रंथ जप्त करते, तोच शब्द आमचा विद्यार्थी अभ्यासक्रमास लावतो. कधीकधी, अभ्यासक्रम पाहता, तो नकळत खरे बोलतो असेही वाटते; पण तो विषय निराळा.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप घेऊ. ते म्हणतील, ‘‘उपसर्गाच्या अर्थावर विसंबावे तर इंग्रजी स्वतःच दगा देते. इनकरेक्ट म्हणजे बरोबर नसलेले; मग इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारे काय?’’ आक्षेप खरा आहे. इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारे. लॅटिनमध्ये ‘इन्’ दोन आहेत: एक नकाराचा, आपल्या ‘अन्’चा भाऊ, दुसरा ‘आत, मध्ये’ ह्या अर्थाचा. इन्फ्लेमेबलमध्ये दुसरा आहे. हा घोटाळा इतका जीवघेणा ठरू शकतो की, अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९२० नंतरच्या दशकात, पाट्यांवर ‘इन्फ्लेमेबल’ न लिहिता ‘फ्लेमेबल’ लिहावे असा आग्रह धरला. ‘इन्’ काढल्याने पदार्थाच्या स्वभावात काडीचा फरक पडला नाही; वाचणाऱ्याचा गैरसमज तेवढा टळला. टँकरवरची पाटी वाचून विडी पेटविणाऱ्यास संदर्भ समजावून सांगण्यास कोणी जागेवर नसते.

परंतु ह्यावरून निष्कर्ष काय निघतो? उपसर्ग शिकवू नयेत असा, की नीट शिकवावेत असा? आणि असा दगा आपल्या भाषेत नाही काय? निर्मळ म्हणजे मळ नसलेले. मग हर्षनिर्भर म्हणजे हर्षाचा भार नसलेला काय? नव्हे, हर्षाने ओथंबलेला. विफल मधला ‘वि’ फळ हिरावून घेतो, आणि विख्यात मधला ‘वि’ ख्याती वाढवितो. ज्याने हे आपल्या भाषेत पाहिले आहे, त्यास इन्फ्लेमेबलचे नवल वाटत नाही. त्यास इन्व्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल असेही वाटत नाही. कारण अमूल्य म्हणजे ज्याचे मूल्य करता येत नाही ते, हे तो घरी शिकलेला असतो. आणि इन्फेमस कवी म्हणजे अप्रसिद्ध कवी नव्हे, कुप्रसिद्ध कवी, हेही त्यास एका शब्दात सांगता येते.

येथे आम्ही आपल्या पक्षाच्या लोकांसही दोन शब्द सुनावू इच्छितो, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. इंग्रजीतील चुकांस हसणारे आमचे मराठीचे अभिमानी ‘‘तो माझ्या अपरोक्ष असे बोलला’’ असे खुशाल लिहितात, आणि त्यांच्या मनात असते ‘माझ्या पाठीमागे’. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर, साक्षात. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘अपरोक्षानुभूति’ ह्या प्रकरणाच्या नावातील अर्थ साक्षात अनुभव असा आहे, पाठीमागची चहाडी असा नव्हे. ज्याच्या घरी ‘अ’ हा नकार उलटा टांगलेला आहे, त्याने शेजाऱ्याच्या इन्फ्लेमेबलला हसू नये.

दुसरे असे की, व्युत्पत्ती ही किल्ली असली तरी ती राजाज्ञा नव्हे. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, अनइंटरेस्टेड असू नये, हा भेद आम्ही वर्गात कसोशीने शिकवितो: पहिला म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही तो, दुसरा म्हणजे ज्यास गोडी नाही तो. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर सतराव्या शतकात ह्या दोन्ही शब्दांचे अर्थ नेमके उलट आढळतात. आमचा ‘उदासीन’ हा शब्दही असाच प्रवास करून आला आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात मित्र, शत्रू यांच्या मालिकेत उदासीन येतो तो तटस्थ ह्या अर्थाने. आजच्या मराठीत उदासीन म्हणजे ज्यास कशाचेच अगत्य नाही तो. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतो की, भेद कायमचा नसला तरी आज तो उपयोगाचा आहे, आणि उपयोगाची वस्तू सांभाळून वापरावी. निःस्वार्थ न्यायाधीश आणि डुलक्या घेणारा न्यायाधीश ह्यांस एकच शब्द उरला, तर नुकसान पक्षकाराचे होईल.

किल्ली प्रत्येक कुलुपास लागत नाही हेही कबूल करू. ‘अँटी’ ह्याचा संस्कृतातील आप्त ‘अन्ति’ म्हणजे जवळ, समोर. त्यावरून ‘विरुद्ध’ हा अर्थ अभ्यासाने मिळवावा लागतो, आपोआप हाती येत नाही. इंटर आणि इंट्रा ह्यांचा आप्त ‘अन्तर्’ तर आत आणि मध्ये हे दोन्ही अर्थ देतो. म्हणूनच आपण ‘अंतर्गत’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ असे वेगळे घडविले, आणि तरीही त्यांच्या लेखनावरून भांडतो. आणि काही ठिकाणी इंग्रजीलाच कुलूप नीट बसविता आलेले नाही. बायमंथली म्हणजे महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा? कोशात दोन्ही अर्थ दिलेले असतात. ह्या बाबतीत आपली भाषा पुढे आहे: पाक्षिक निराळे, द्वैमासिक निराळे, आणि वर्गणी भरणाऱ्यास काय मिळणार हे त्यास नावावरूनच कळते. अशा जागी शहाण्याने इंग्रजी उपसर्गाच्या नादी न लागता सरळ ‘दर दोन महिन्यांनी’ असे लिहावे.

सारांश, आमचे भांडण इंग्रजीशी नाही. तिच्यावर आमची उपजीविका चालली आहे आणि प्रेमही आहे. आमचे भांडण ह्या समजुतीशी आहे की, घरची भाषा काढून टाकली म्हणजे रिकाम्या जागी परकी भाषा आपोआप भरते. रिकामी जागा रिकामीच राहते. वर फक्त उच्चारांचे रोगण चढते. ह्यास उपाय खर्चाचा नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ आईबापांनी मुलासह बसावे. त्याच्या शास्त्राच्या पुस्तकातील एक कठीण शब्द घ्यावा. त्याचे तुकडे करून कोश उघडावा. आणि त्यातील कोणता तुकडा आपल्या घरात कोणत्या वेषाने वावरतो ते शोधावे. कधी सापडेल, कधी सापडणार नाही. पण शब्द हा घडविलेला असतो, आकाशातून पडलेला नसतो, एवढे मुलाच्या मनावर ठसले तरी पुष्कळ झाले.

ते गृहस्थ निघताना आम्ही मुलास एवढेच म्हणालो, ‘‘बाळ, तुझ्या आजीला विचार, उपर म्हणजे काय.’’ मुलगा म्हणाला, ‘‘सर, आजीशी मी फारसा बोलत नाही. तिला इंग्रजी येत नाही.’’ ह्या वेळी वडिलांनी मान डोलाविली नाही.